गोड्या पाण्यातल्या माशांचं पैदास केंद्र कोल्हापूरनं मागून घ्यावं

पंचगंगाकाठ

कोल्हापूरला आलेला पाहुणा अंबाबाईचं दर्शन घेतो, रंकाळ्यावर भेळ खातो, वेळ असला तर पन्हाळा-जोतिबा करतो आणि कोकणाच्या नाहीतर गोव्याच्या वाटेला लागतो. या जिल्ह्यात पाणी किती आहे याचा त्याला पत्ताच लागत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. पलीकडं वारणा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी. राधानगरी, तुळशी, काळम्मावाडी, पाटगाव ही धरणं. शिवाय नद्यांवर जागोजागी ते बंधारे, ज्यांना अख्खा महाराष्ट्र 'कोल्हापूर पद्धतीचे' म्हणून ओळखतो. एवढं पाणी असलेल्या जिल्ह्यानं गोड्या पाण्यातल्या माशांचं एक उत्तम पैदास केंद्र शासनाकडं मागून घ्यावं, आणि ते लोकांना आत जाऊन बघता येईल असं असावं, असं मला मनापासून वाटतं.

असं कुठं झालंय का, तर झालंय. टेक्सासमध्ये अथेन्स नावाचं लहानसं शहर आहे. राज्याचं नवं मत्स्यकेंद्र आपल्याकडं यावं म्हणून त्या गावानं जोर लावला, स्थानिकांनी आपला वाटा उचलला आणि 1996 मध्ये ते तिथं सुरू झालं. एकीकडं पैदाशीचे हौद, तळी, प्रयोगशाळा. दुसरीकडं त्याच राज्यातल्या नद्या-तळ्यांतले मासे दाखवणारं मत्स्यालय. पाणबुड्या टाकीत उतरून माशांना हातानं खायला घालतो आणि आतूनच बाहेरच्या लोकांशी बोलतो. पोरांना गळ टाकायला वेगळं तळं आहे. मला सगळ्यात भावली ती त्यांची 1986 पासूनची योजना. हंगामात कुणाच्या गळाला 13 पौंडांचा, म्हणजे जवळपास सहा किलोचा 'बास' लागला, की तो मासा पैदाशीसाठी जिवंत केंद्राला देता येतो. गळ टाकणारा माणूस अशानं केंद्राचा भागीदार होतो.

आपल्याकडं दोन गोष्टी ठरवाव्या लागतील. जागा कुठली आणि मासे कुठले. जागेबद्दल माझं मत पक्कं नाही. माशांबद्दल मात्र पक्कं आहे: ते आपल्या नदीचे हवेत. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचं बीज तयार करणारी केंद्रं राज्यात आहेत, बंगालमधूनही बीज येतं. आपल्या खडशीचं, मरळीचं, वामीचं कोण बघतंय?

रंकाळवेस

विचार चांगला आहे. पण उद्घाटन झाल्यावर दुसऱ्या वर्षी काय, हे आधी सांगा. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 सालचं, ऐन मरीन ड्राईव्हवर, गर्दीला तोटा नाही. तेसुद्धा कोविडात बंद पडलं आणि इमारत धोकादायक म्हणून बंदच राहिलं. आपल्याकडं कारंजी बसतात, दिवे लागतात, वर्षभरात मोटर जळते आणि मग टाकीत शेवाळ. मोटर जळलेल्या कारंजाजवळून माणूस निघून जातो. मोटर जळलेल्या टाकीतला मासा कुठं जाणार? देखभालीचा खर्च कागदावर आधी मांडला नाही तर मी या मागणीवर सही करणार नाही.

भोईगल्ली

मी भोई. आज्ज्या-पणज्यापासनं आमचं पोट नदीवर. पयलं उन्हाळ्यात बंधाऱ्याखाली जाळं टाकलं की मरळ, वाम, शिंगटा घावायचा, एखादी खडशी घावली तर त्या दिवशी घरात सण. आता नुसती परदेशी चिलापी घावतीया. जाळं धुवायला आमी घरी नळावर नेतो, नदीच्या पान्यात धुतलं तर वास जात न्हाई. त्यात केंदाळ, म्हंजी जलपर्नी, आलं की होडीच सरकत न्हाई.

तुमी केंद्र करा, बीज सोडा. माझा इरोध न्हाई. पर बीज सोडून मासा वाडत नसतोय दादा, पान्यात वाडतोय. पानी कोन देनार?

बोटुकली

भोईगल्लीदादांनी मुद्द्यालाच हात घातला. मी मत्स्यशास्त्र शिकले आहे आणि एका खासगी हॅचरीवर काम केलंय, म्हणून पैदास केंद्र चालतं कसं ते जरा सविस्तर लिहिते. मागणी करायची तर ती काय मागतोय हे कळून करावी.

रोहू-कटल्यासारखे मासे साठलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाचं वाहतं, गढूळ पाणी लागतं. म्हणून पूर्वी नदीतून जाळ्यानं बीज गोळा करायचे, आणि त्यात नको ते मासेही यायचे. 10 जुलै 1957 रोजी कटकला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची पैदास करून दाखवली. आपण 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतो तो त्यामुळं. आता ग्रंथीऐवजी तयार संप्रेरकाचं इंजेक्शन मिळतं.

संध्याकाळी नर-मादी निवडायचे. मादीचं पोट मऊ आणि फुगलेलं, नराच्या छातीच्या परावरून हात फिरवला की तो खरखरीत लागतो आणि पोट दाबलं की पांढरं चीक येतं. इंजेक्शन देऊन गोल हौदात सोडायचे. हौदाच्या तळाशी तिरप्या बसवलेल्या तोट्यांतून पाणी येतं, त्यामुळं सगळं पाणी गोल फिरत राहतं आणि माशांना नदीत असल्यासारखं वाटतं. पाच-सहा तासांनी, म्हणजे बहुतेक वेळा मध्यरात्रीनंतर, मासे उसळ्या मारायला लागतात. अंडी पाण्यात फुगून भिजल्या साबुदाण्याएवढी होतात आणि पाण्याबरोबर दुसऱ्या गोल हौदात जातात. तिथं 14 ते 18 तासांत पिल्लं बाहेर येतात. पुढचे तीन दिवस ती पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावरच जगतात. त्यांना म्हणायचं मत्स्यजिरे. ती वाटीनं मोजतात, प्लास्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन भरून पाठवतात. तळ्यात पंधरा-वीस दिवस वाढली की मत्स्यबीज आणि दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढी झाली की बोटुकली. धरणात सोडायला बोटुकलीच हवी. जिरे सोडले तर ते इतर माशांचं एका दिवसाचं खाणं होतं.

हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये. त्या काळात हॅचरीवर रात्रंदिवस माणूस लागतो. पाण्याचा झोत अर्धा तास थांबला तर अंडी तळाशी बसून गुदमरतात आणि बॅच जाते. रंकाळवेस यांचा मोटरचा मुद्दा म्हणून शंभर टक्के खरा आहे. माझं म्हणणं, जागा अशी निवडा की पाणी उतारानं यावं, पंपावर अवलंबूनच राहायला नको.

जयसिंगपूरकर

खालच्या अंगाला राहणाऱ्याचं ऐकून घ्या. मेलेल्या माशांच्या बातम्या बहुतेक वेळा आमच्या शिरोळ तालुक्यातून येतात, तेरवाड बंधाऱ्याजवळच्या. पावसाळा संपला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पाणी अडतं. वरून शहरांचं सांडपाणी, कापड प्रोसेसचं रंगीत पाणी, साखर कारखान्यांच्या मळीचं पाणी येत राहतं आणि उन्हाळ्यात ते तिथंच कुजतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागं पाच मिलिग्रॅमच्या वर असला तर मासा सुखानं राहतो, दोनच्या खाली गेला की तोंड वर काढून धापा टाकतो. मग कुठल्या तरी बंधाऱ्याचे बरगे काढले किंवा वळवाचा पाऊस झाला की तळाचा सगळा घाण गाळ उसळून एकदम खाली येतो आणि एका रात्रीत काठावर खच पडतो. लोक पोत्यानं मासे भरून नेतात, ते खायचे नसतात हे सांगूनही ऐकत नाहीत.

दुसरं म्हणजे पूर. राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांना धोक्याची पातळी. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला पुन्हा तसंच. काठावर केंद्र बांधलं तर तळी नदीत जाणार आणि तळ्यातले मासेही नदीत जाणार. परदेशी जाती ठेवल्या असतील तर त्या कायमच्या आपल्या झाल्या. उजनीत सकर मासा कसा पसरला ते बघा. पूररेषेच्या आत एक वीटसुद्धा नको.

आरती_गारगोटी

खडशी म्हणजेच महसीर ना? आमच्याकडं वेदगंगेच्या डोहात आहेत म्हणतात, मी पाहिलेला नाही.

बोटुकली

हो ताई, तोच. सोनेरी झाक, मोठे खवले, जाड ओठ. कर्नल साइक्सनं 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याकडच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. त्याची पैदास महाराष्ट्राला नवी नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज प्रकल्पाच्या तलावावर 1970 च्या दशकापासून हे काम चाललंय आणि तिथली पिल्लं देशभर गेली आहेत. कर्नाटकात हारंगीलाही केंद्र आहे. म्हणजे शिकवणारी माणसं जवळच आहेत.

खडशीचं तंत्र रोहूपेक्षा वेगळं. मादी अंडी थोडी देते, किलोमागं काही हजार, रोहूसारखी लाखांत नाही. पोट हलक्या हातानं दाबून अंडी काढावी लागतात. ती लिंबासारखी पिवळी, जड असतात, तळाशी बसतात. म्हणून गोल हौद चालत नाही, पसरट ट्रे आणि त्यावरून संथ वाहतं स्वच्छ पाणी लागतं. फुटायला तीन-चार दिवस. पिल्लं उजेडाला घाबरतात, ट्रेच्या कोपऱ्यात एकमेकांवर गोळा होऊन पडून राहतात. तिथं पाणी नीट खेळलं नाही तर कोपऱ्यातच मरतात. पण काम जमलं की फार सुंदर दिसतं.

एक इशारा. लोणावळ्याहून आपली खडशी कावेरीत नेऊन सोडली. तिथं तिचा स्वतःचा कुबडवाला महसीर होता, जगातल्या सगळ्यात मोठ्या महसीरांपैकी एक. आपली खडशी तिथं इतकी माजली की कुबडवाला आज नष्ट व्हायच्या टोकाला आलाय. त्याला शास्त्रीय नाव पक्कं मिळालं तेच 2018 मध्ये. चांगल्या हेतूनं, चांगल्या केंद्रातून झालेलं हे नुकसान आहे. म्हणून पंचगंगाकाठ म्हणतात ते मी आणखी कडक करीन: ज्या नदीतून जनक मासे, म्हणजे पैदाशीचे नर-मादी, आणले त्याच नदीत पिल्लं सोडायची. भोगावतीची वारणेतसुद्धा नाही, तपासल्याशिवाय तर नाहीच.

शेततळं_कागल

मंडळी, नदीचं प्रेम मलाही आहे. पण माझं शेततळं आहे, मला दर पावसाळ्यात बोटुकली लागते आणि ती वेळेवर मिळत नाही. बाहेरून बीज येतं, प्रवासात निम्मं दमतं, पिशवी फोडली की तरंगायला लागतं. शिवाय रोहू म्हणून घेतलं आणि निघालं भलतंच, असंही झालंय. धरणांचे ठेके घेणाऱ्या मच्छीमार संस्थांनाही हीच अडचण. मत्स्यव्यवसायाला 2025 मध्ये राज्यानं शेतीचा दर्जा दिला, केंद्र सरकारची मत्स्यसंपदा योजना आहे, तिच्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. पैसा आहे, बीज नाही. तेव्हा केंद्रानं रोहू-कटला करूच नये असं म्हणू नका. त्या विक्रीतूनच रंकाळवेस विचारतायत तो देखभालीचा खर्च निघेल.

पंचगंगाकाठ

मुद्दा मान्य आहे, एका अटीवर. शेततळ्यासाठीचं बीज आणि नदीसाठीचं बीज यांची तळी, पाणी, जाळी सगळं वेगळं. शेततळ्याच्या भागातून बाहेर पडणारं पाणी जाळीच्या गाळणीतून गेल्याशिवाय ओढ्याला मिळता कामा नये.

राधानगरी_खोरं

जागा आमच्याकडं आहे. राधानगरी धरणाखाली, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. शाहू महाराजांनी हे धरण बांधायला घेतलं ते पुढच्या पिढ्यांचा विचार करून. आज त्याच्या पायथ्याशी वर्षभर पाणी उतारानं मिळतं, बोटुकलीताई म्हणतात तसं पंपाविना. वर एकही कारखाना नाही. पर्यटकांचं म्हणाल तर कोल्हापूरहून फोंडा घाटानं कोकणात उतरणारी गाडी आमच्या दारातूनच जाते, दाजीपूरला गवा बघायला येणारे वेगळेच.

पण आणखी एक सांगायचंय. मृगाचा पाऊस पडला की आमच्या ओढ्यांतून मासे वर चढतात, भातखाचरापर्यंत येतात. चढणीचे मासे. पोटात अंडी भरलेली मादी असते आणि लोक तिलाच धरतात. मीही लहानपणापासून ते खात आलोय, सगळं गाव खातं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एका बाजूनं केंद्रात लाखो रुपये घालून पिल्लं काढायची आणि दुसऱ्या बाजूनं ओढ्यात पोटुशी मादी मारायची, हे जुळत नाही. बंदी घालून भागणार नाही, रात्री बॅटरी घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या पोरांना कोण अडवणार? ग्रामसभेनं एखाद-दुसरा ओढा राखीव ठेवला तर मात्र जमेल. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे म्हणून महसीर कुणी मारत नाही, पिढ्यान् पिढ्या. आमच्याही देवराया आहेत. डोह का नाही राखता येणार?

बोटुकली

फारच मोलाचं लिहिलंत. फक्त एक तांत्रिक गोष्ट: धरणाच्या तळातून येणारं पाणी गार असतं आणि त्यात ऑक्सिजन कमी असतो. ते थेट हौदात घेऊ नये. पायऱ्या-पायऱ्यांवरून पाडत आणलं आणि एका उघड्या तळ्यात तापू दिलं की काम होतं. पाहुण्यांना त्या पायऱ्याही बघायला आवडतील.

मास्तरीण

मी प्राथमिक शाळेत शिकवते. शहरापासून राधानगरी पन्नासेक किलोमीटर. आमच्या सहली तिकडं जातात, धरणाचे स्वयंचलित दरवाजे बघायला, त्यामुळं अंतराची अडचण वाटत नाही. पण मुलांना काय दिसणार? पैदास मध्यरात्री होते म्हणता. सहल येते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा हौद कोरडे असतील आणि कुणीतरी भिंतीवरचा तक्ता वाचून दाखवेल, तर मुलं पाच मिनिटांत बाहेर पळतील.

बोटुकली

डिसेंबरात दाखवायला पुष्कळ आहे. जनक माशांचं तळं: जाळं ओढून सहा-सात किलोचा कटला हातात धरून दाखवला की मुलं जागची हलत नाहीत. खडशीसाठी काचेच्या भिंतीचा लांब वाहता ओढा करायचा, तळाशी गोटे, कारण खडशी साठल्या टाकीत निस्तेज दिसते, प्रवाहाशी झुंजताना बघायला हवी. सूक्ष्मदर्शकाखाली तळ्याच्या पाण्याचा एक थेंब ठेवा, त्यात पिल्लांचं खाणं वळवळताना दिसतं. पावसाळ्यात आलात तर मरळ: पिल्लांचा लालकेशरी पुंजका पाण्याच्या वर-खाली होत असतो आणि त्याखाली आई-बाप पहारा देत फिरतात. जवळ बोट नेलं तर अंगावर येतात. आणि एका टाकीत तेरवाडचं पाणी ठेवावं, शेजारच्या टाकीत राधानगरीचं, दोन्हींवर ऑक्सिजनचा आकडा दाखवणारं मीटर. पहिल्या टाकीत मासा नको. आकडा पुरे.

रंकाळवेस

ही शेवटची सूचना मागणीत घातली तर माझी सही घ्या. पण मत्स्यालय शहरात आणि पैदास राधानगरीला असं तोडू नका. एकदा तोडलं की शहरातल्या इमारतीत रंगीत परदेशी मासे येणार, सेल्फीचा बोगदा येणार आणि नदी बाजूला पडणार.

पंचगंगाकाठ

सहमत. जागेबद्दल माझंही मत आता राधानगरीकडं झुकलंय, आणि दोन्ही भाग एकाच आवारात. मागणीचा मसुदा असा करतोय. पैदास आधी खडशी आणि मरळीची, जोडीला शेततळ्यांसाठी रोहू-कटला पण पूर्ण वेगळ्या पाण्यात. ज्या नदीचा मासा त्याच नदीत. पूररेषेबाहेर, अभयारण्याबाहेर, उताराचं पाणी. तिकिटाचं उत्पन्न केंद्राच्याच खात्यात, महापालिकेच्या नाही की जिल्हा परिषदेच्या नाही. देखभालीचा दहा वर्षांचा खर्च आधी मंजूर. हौदावर आणि नावेवर भोई समाजातली माणसं पगारावर, रोजंदारीवर नव्हे. आणि पंचगंगेत पिल्लं सोडायला सुरुवात तेव्हाच, जेव्हा त्या टप्प्यात भर उन्हाळ्यातसुद्धा ऑक्सिजन पाचच्या वर राहिलेला दिसेल. तोवर फक्त धरणाच्या वरच्या अंगाला. ही अट सांडपाण्याचा प्रश्न दर वर्षी मत्स्यविभागाच्या टेबलावर आणून ठेवेल, म्हणून ती खोडू द्यायची नाही.

शेततळंवाल्यांनी तालुक्यात बीज किती लागतं ते संस्थांकडून लिहून आणावं. बोटुकलीताई, ट्रेच्या शेडचा साधा आराखडा द्याल का? भोईगल्लीदादा, खडशी अजून कुठल्या डोहांत आहे ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही. जनक मासे तिथूनच आणावे लागतील.

भोईगल्ली

पगारावर मानूस घ्यायचं लिवलंसा, ते बरं केलंसा. आमची पोरं एमायडीसीत जात्यात, नदीचं काम हुतं म्हटलं तर मागं फिरतील.

डोहाची नावं हितं लिवनार न्हाई. हितं लिवली की आठ दिवसात जिलेटिनच्या कांड्या घिऊन कोनतरी जातंय, लहान-थोर सगळं मासं पोट वर करून. मला आन माझ्या चुलत्याला ठावं हाईत. ताईला आन राधानगरीच्या दादाला घिऊन जातो, दाखवतो. बरगे घालायच्या आदी चला, मग वरचं डोह बी नीट बघाय मिळतील.